चारशे बारा लिंका आणि एक फुगा

हा मागच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना मी 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' किती वेळा म्हणतो ते टाईप करायला बसलं की कळतं. बरेचसे काढलेत, काही राहिले असतील, चालवून घ्या.

आजचा विषय तसा घरगुती आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी कुणी ना कुणी शिक्षक असणार. आई, बाबा, काका, मावशी, नाहीतर नुकतीच नोकरीला लागलेली वहिनी. आणि घरात 'मोबाईलमधलं कळणारे' तुम्ही. त्यामुळे शाळेचं काहीही ऑनलाइन आलं की फोन तुमच्या हातात. आमच्याकडेही तसंच. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, आणि आई सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला विज्ञान आणि गणित शिकवते.

२०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा मी लॅपटॉप घेऊन गावी आलो. शाळा बंद. आईच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळपासून लिंकांचा पाऊस. हा व्हिडिओ बघा, ते ॲप घ्या, ही टेस्ट सोडवा. आई वैतागून म्हणाली, "अरे, यातलं चांगलं काय ते जरा निवडून दे की."

आता इंजिनिअरला 'निवडून दे' म्हटलं की तो काय करतो? शीट बनवतो. मी गुगल शीट बनवलं. इयत्तेप्रमाणे टॅब, विषयाप्रमाणे रंग, वर फिल्टर. तीन शनिवार-रविवार घातले. शेवटी ४१२ लिंका झाल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त मी इकडच्या-तिकडच्या जुन्या याद्यांमधून उचलल्या होत्या हे आज कबूल करतो. आईच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या ग्रुपवर ते शीट टाकलं. ५८ जण होते. पाच मिनिटांत नमस्काराचे हात, अंगठे, "अप्रतिम संकलन सर", "खूपच उपयुक्त". मी कुणाचा 'सर' नव्हतो तरी सर झालो. छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

शीटची लिंक मी छोटी करून टाकली होती, आणि किती जणांनी उघडली ते त्यात मोजलं जात होतं. महिन्याभराने बघितलं. १४ क्लिक. त्यातले ५ माझेच.

तेव्हा मी शिक्षकांनाच नावं ठेवली. 'या लोकांना नवीन काही नकोच असतं,' असं आईसमोर बोललो. ती काही बोलली नाही. पोळ्या लाटत होती, लाटत राहिली.

पुढचं मला खूप उशिरा कळलं. २०२१ च्या जानेवारीअखेर आमच्याकडे पाचवी ते आठवीचे वर्ग पुन्हा भरले. मी तोवर पुण्याला परतलो होतो. फेब्रुवारीत आईला सातवीचा स्थितिक विद्युतचा धडा घ्यायचा होता. फुगा स्वेटरवर घासायचा, तो भिंतीला चिकटतो, तोच तो धडा. आईने माझ्या शीटमधून त्यासाठीचा एक ॲनिमेशनवाला दुवा शोधला. आदल्या दिवशी मुलांना सांगून ठेवलं, उद्या मोबाईलवर गंमत दाखवणार. १९ मुलं, तोंडाला मास्क, बाईंच्या फोनभोवती गोळा झालेली. आणि दुवा उघडला तर राखाडी चौकोन. प्लगइन नाही म्हणे.

तिने मला फोन केला होता. मला आठवतोय तो फोन. मी मीटिंगमध्ये होतो. "तू दिलेलं चालत नाही रे." मी म्हणालो, "रिफ्रेश कर. माझ्याकडे चालत होतं." आणि ठेवला.

'माझ्याकडे चालतंय' हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात बदनाम वाक्य आहे. टेस्टर चूक दाखवतो आणि डेव्हलपर हे वाक्य फेकतो. ऑफिसात कुणी असं म्हटलं की मीच हसतो. त्या दिवशी ते मी आईला ऐकवलं. खरा प्रकार असा होता की ते ॲनिमेशन फ्लॅशवर चालणारं होतं. मी ते २०२० मध्ये लॅपटॉपवर उघडून बघितलं होतं. अँड्रॉइडवर फ्लॅश कधीचंच बंद पडलेलं, आणि २०२० च्या ३१ डिसेंबरला तर त्याचा सपोर्टच संपला. म्हणजे आईच्या फोनवर ते एकही दिवस चाललं नसतं. मी मोबाईलवर तपासलंच नव्हतं. मोबाईलवर! ज्या शाळेत मोबाईलशिवाय दुसरं काही नाही, तिच्यासाठी यादी बनवताना!

हे सगळं आईने मला दिवाळीत सांगितलं, तेही चकल्या तळताना, असंच बोलता बोलता. "त्या दिवसानंतर मी ते शीट उघडलं नाही बघ. पोरांसमोर हसं होतं. एकदा झालं की पुन्हा धीर होत नाही." मग म्हणाली, "ग्रुपवरच्या सगळ्यांचं तसंच असेल. कुणी बोलणार नाही."

इथे जरा थांबतो. आपण तरुण पोरं धरून चालतो की शिक्षकांना तंत्रज्ञानाची भीती वाटते. त्यांना भीती असते ती वर्गात तोंडघशी पडण्याची. तास ३५-४० मिनिटांचा. त्यातली दहा मिनिटं राखाडी चौकोन बघण्यात गेली तर धडा गेला, आणि मुलांचा बाईंवरचा भरवसाही थोडा गेला. ४१२ लिंका देणाऱ्याचं त्यात काहीच जात नाही. त्याला नमस्काराचे हात आधीच मिळालेले असतात.

दिवाळीनंतर मी गावातूनच काम करत होतो. आईला केंद्राच्या शिक्षण परिषदेला गाडीवर सोडायला गेलो आणि मागच्या बाकावर बसून राहिलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दहा-बारा शाळांचं मिळून एक केंद्र असतं आणि तिथले शिक्षक महिन्यातून एकदा एकत्र बसतात. बराच वेळ परिपत्रकं, माहिती भरणं, अमुक तारखेपर्यंत तमुक पाठवा. मी डुलक्या घेत होतो. मग शेजारच्या गावच्या एक बाई उठल्या. पिशवीतून काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे काढले. दोन काड्या एका तुकड्यात खोचायच्या, की सांधा तयार. तीन काड्यांचा त्रिकोण केला आणि दाबला. हलला नाही. चार काड्यांचा चौरस केला, दाबला, तो लगेच कलंडून तिरका झाला. चौरसात एक कर्ण घातला, मग तोही ताठ. "छपराच्या कैच्या त्रिकोणी का असतात, ते आमच्या पोरांनी मला सांगितलं," असं त्या म्हणाल्या.

ही कल्पना अरविंद गुप्तांची. आयआयटी कानपूरमधून शिकलेला इंजिनिअर, पुण्यात टेल्कोत नोकरी, आणि १९७८ मध्ये रजा काढून हे मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथल्या आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंमधून त्यांनी ही काड्यांची खेळणी केली. पुढे पुण्याच्या आयुकात मुलांच्या विज्ञान केंद्रात कितीतरी वर्षं. त्यांच्या अरविंदगुप्ताटॉइज या साईटवर खेळण्यांचे फोटो, छोट्या फिल्म आणि पुस्तकं फुकट आहेत, मराठीतही भरपूर. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. मला हे सगळं आधीपासून ठाऊक होतं. माझ्या शीटमध्ये त्या साईटची लिंक होती, ३७ व्या ओळीत. आईच्या केंद्रातल्या एकानेही ती उघडली नव्हती.

त्या दिवशी मात्र सगळ्यांनी वह्या काढल्या. कारण बाईंनी पुढे जे सांगितलं ते कुठल्याच लिंकमध्ये नव्हतं. "गावातल्या सायकलवाल्याला व्हॉल्व्ह ट्यूब म्हटलं तर तो माझ्या तोंडाकडे बघायला लागला. तालुक्याला जुन्या दुकानात मिळाली. तुकडे मुलांना कापायला देऊ नका, लहान-मोठे होतात आणि सांधे निसटतात, ते घरूनच कापून न्या. काड्यांचं गुल आधी खरवडून काढा. मी पहिल्या दिवशी काढलं नाही आणि एका पोराने काडी पेटवली." सगळे हसले. त्या पण हसल्या. आणि मग प्रश्न सुरू झाले. ट्यूब किती लागते? एका गटात किती मुलं? तासात होतं का? महिन्याभरात आईच्या ओळखीतल्या चार शाळांमध्ये त्रिकोण दाबले गेले.

परत येताना गाडीवर मी गप्प होतो. ऑफिसात आम्ही कुणाच्या हातात नुसता कोड ठेवत नाही. सोबत एक रीडमी असते: हे कशासाठी आहे, कशावर चालतं, कुठे अडकतं. चूक कळवायची तर काय काय केल्यावर ती दिसते ते क्रमाने लिहायचं. हे सगळं मला रोज पगारासाठी करता येतं, आणि शिक्षकांना देताना मी ४१२ पत्ते फेकले होते. घर सापडलं तर बघा म्हणून.

मग आम्ही नवं शीट केलं. मी आणि आईने, दोघांनी. नियम आईचा: वर्गात वापरून झाल्याशिवाय ओळ भरायची नाही. रकाने थोडे. कोणता धडा, कोणत्या फोनवर चाललं, फाईल किती एमबीची, नेट लागतं का, किती मिनिटं गेली, कुणी वापरलं. आणि शेवटचा रकाना, 'फसलं काय'. पहिल्या सहा महिन्यांत ९ ओळी झाल्या. मला लाज वाटायची. आईला नाही.

पहिली ओळ आईनेच भरली, त्याच फुग्याची. फेट नावाची सिम्युलेशन्स आहेत, अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात बोल्डरला तयार होतात. २००१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये ते काम सुरू केलं. आता त्यातली बरीच ब्राउझरमध्ये, फ्लॅशशिवाय चालतात आणि कित्येक मराठीत आहेत. फुगा स्वेटरवर घासला की ऋणप्रभार स्वेटरवरून फुग्यावर जाताना दिसतात. खऱ्या फुग्यात ते दिसत नाही, एवढंच त्याचं काम. म्हणून आईने आधी खरा फुगा घासला, भिंतीला चिकटवला, आणि 'का?' असं विचारून झाल्यावर फोन काढला. एका मुलीने विचारलं, "बाई, ते धनवाले का हलंनात?" आई सांगते, नोकरीच्या तिसाव्या वर्षी तिला हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला. अणूच्या केंद्रकापर्यंत जावं लागलं. 'फसलं काय' मध्ये तिने लिहिलं: 'तास पुरला नाही. उत्तर दुसऱ्या दिवशी दिलं.'

यातली तांत्रिक मदत मात्र माझी, आणि ती तुम्हालाही जमेल, म्हणून सांगतो. शाळेत रेंज नसते हे धरूनच चाला. सिम्युलेशनची एचटीएमएल फाईल आधीच उतरवून घ्या, आणि पुढे पाठवायची तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. काही फोनमध्ये ती टॅप केली की भलत्याच ॲपमध्ये उघडते आणि पडदाभर नुसता कोड दिसतो. समोरच्याला वाटतं, फोन बिघडला. अशा वेळी 'ओपन विथ' मधून क्रोम निवडायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आदल्या रात्री त्यांच्याच फोनवर, एरोप्लेन मोड लावून उघडून बघा. तुमच्या नाही, त्यांच्या. हे मी फार महाग शिकलो. विकिपीडियाचं पण असंच करता येतं, किविक्स नावाचं ॲप आहे, त्यात विकिपीडिया फाईलच्या रूपात घेऊन ठेवता येतो.

गोष्टींसाठी स्टोरीवीव्हर. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलं. चित्रांच्या गोष्टी, वाचनाच्या चार पातळ्या, मराठीतही पुष्कळ, पीडीएफ उतरवता येते. यात मला आवडणारी गोष्ट म्हणजे परवाना. श्रेय देऊन तुम्ही ती गोष्ट छापू शकता, भाषांतर करू शकता, बदलू पण शकता. आईच्या शाळेतल्या पहिलीच्या बाईंनी एक गोष्ट आपल्या माणदेशी बोलीत करून वाचली, 'न्हाई', 'हितं', 'कुटं' सकट. त्या सांगत होत्या, एरवी तोंड न उघडणारा मुलगा मध्येच म्हणाला, "हे तर आमच्या आज्जीवानी बोलतंय."

याच्या उलट प्रकारही ग्रुपवर खूप चालतो. कुठल्यातरी क्लासच्या विकतच्या नोट्स, कुणाचं तरी स्कॅन केलेलं गाईड, वर वॉटरमार्क तसाच. 'शेअर करा, गरजू मुलांना उपयोग होईल.' याबाबतीत माझं आणि आईचं भांडण व्हायचं. ती म्हणायची, मुलांसाठीच आहे ना? मी म्हणायचो, फुकट मिळालं म्हणजे वाटायला मोकळं झालं असं नाही. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या साईटवर पीडीएफमध्ये फुकट आहेत, मग साईटचा पत्ता द्या, कुठल्यातरी ॲपने जाहिराती चिकटवलेली कॉपी कशाला? आता निम्मं पटलंय तिला. निम्मं नाही.

बरं, पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड. २०१७ मध्ये दीक्षा आलं, मग धड्यांशेजारी हे कोड दिसू लागले. पण त्याआधीच सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड लावले होते. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला, दहा लाख डॉलर, आणि त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकले. पैशांची बातमी सगळ्यांनी वाचली. मला त्या कोडची जागा महत्त्वाची वाटते. तो त्या धड्याच्या त्या पानावर आहे. शिक्षकाला शोधत बसावं लागत नाही. माझ्या ४१२ ओळींमध्ये नेमकं हेच नव्हतं. पण कोड हे सांगू शकत नाही की हा व्हिडिओ तेरा मिनिटांचा आहे आणि चौथीची मुलं सहाव्या मिनिटाला चुळबुळ करतात. ते ज्या बाईंनी दाखवला त्याच सांगू शकतात.

आणि त्या सांगत नाहीत, हीच आमची खरी अडचण. 'फसलं काय' हा रकाना कुणी भरेना. बाकी सगळं भरून तिथे 'काही नाही' किंवा नुसती आडवी रेघ. मला वाटलं कंटाळा असेल. आईने समजावलं. ग्रुपमध्ये वरिष्ठ आहेत. उपक्रमाचे फोटो टाकावे लागतात, हसरी मुलं, फलक, तारीख. जिथे रोज यशाचे फोटो पडतात तिथे 'माझा तास फसला' असं कोण लिहील? उद्या कुणी विचारलं, का फसला, तर?

मी सुचवलं, नावं काढून टाकू. आई म्हणाली, "नाव नाही म्हटल्यावर भरवसा कोण ठेवणार? ती काड्या पेटल्याची गोष्ट बाईंनी स्वतः सांगितली म्हणून सगळ्यांनी ऐकली." बरोबर होतं. मग तिनेच तोडगा काढला. सहा बायकांचा वेगळा ग्रुप, एकही साहेब नाही, एकही फोटो नाही. लिहायचा कंटाळा असेल तर व्हॉइस नोट टाका. त्या मी ऐकून शीटमध्ये उतरवायचो. एसटीच्या आवाजात, कुकरच्या शिट्टीत, मध्येच कुणाच्या तरी नातवाचं रडणं. एक बाई तर दर वेळी "हे साहेबांना सांगू नका हं" अशी सुरुवात करायच्या. साहेब मीच होतो बहुतेक.

आज त्या ग्रुपमध्ये ३१ जण आहेत, त्यात सात गुरुजी. शीटमध्ये ६४ ओळी. चारशे बाराच्या पुढे काहीच नाही. पण मोजणारं यंत्र मी अजून चालू ठेवलंय, सवय जात नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की ते रोज हलतं.

आई येत्या मेअखेरीस निवृत्त होतेय. शीट त्या काड्यावाल्या बाईंकडे जाणार. मागच्या आठवड्यात महाबळेश्वरच्या बाजूच्या एका गुरुजींची व्हॉइस नोट आली, चार मिनिटांची. ते ऑगस्टमध्ये फुग्याचा तास घ्यायला गेले. आमच्या माणात हवा कोरडी, फुगा लगेच चिकटतो. तिकडे पावसात भिंती ओल्या, हवेत दमट, फुगा घासघासून हात दुखले तरी चिकटेना. प्रभार टिकतच नाही. मुलं म्हणाली, पुस्तक खोटं. मग गुरुजींनी चुलीपाशी सुकवलेली लोकर आणली, फुगा चुलीच्या उबेत जरा धरला, तेव्हा कुठे कागदाचे कपटे हलले. आणि मुलांनी विचारलं, मग पावसाळ्यातच वीज का चमकते?

आईने ते सगळं स्वतः टाईप केलं, एका बोटाने. अर्धा तास लागला. मग मला फोन. म्हणाली, "अरे, तो शेवटचा रकाना जरा रुंद कर. मावत नाही."

करून दिला. चला, भेटू पुढच्या भागात.